नववी-दहावीत सक्ती किती, निवड किती, आणि गणित सोडण्याचा विचार कधी करावा

प्रश्न चोपडा तालुक्यातल्या एका पालकांचा आहे. मुलगी आठवी संपवून नववीत जाते आहे. मराठी माध्यम, गणित-विज्ञान सेमीचं, म्हणजे इंग्रजीतून. शाळेने विचारलंय की हिंदी घेणार की संस्कृत. त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत. नववी-दहावीत खरी निवड कशात असते? मुलीला गणित नको वाटतं, ते कधी सोडता येईल? आणि सगळ्यांवर सगळे विषय लादण्यापेक्षा मुलांना आवडीचे विषय का घेऊ देत नाहीत?

आधी चौकट समजून घ्या. राज्य मंडळाच्या दहावीला सहा विषय, प्रत्येकी १०० गुणांचे. तीन भाषा, गणित, विज्ञान आणि तंत्रज्ञान, सामाजिक शास्त्रे. गणिताचे दोन पेपर, भाग १ बीजगणित ४० आणि भाग २ भूमिती ४०, वर अंतर्गत २०. विज्ञानाचेही ४० अधिक ४०, प्रात्यक्षिकाचे २०. सामाजिक शास्त्रांत इतिहास-राज्यशास्त्र ४०, भूगोल ४०, अंतर्गत २०. शारीरिक शिक्षण, स्वविकास व कलारसास्वाद, जलसुरक्षा असे आणखी विषय असतात, पण त्यांना गुण नसून श्रेणी असते. मराठी माध्यमात मराठी आणि इंग्रजी ठरलेल्याच. इंग्रजी माध्यमातही मराठीपासून सुटका नाही. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे आणि न शिकवणाऱ्या शाळेला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

म्हणजे नववी-दहावीत हलवता येते अशी खुर्ची एकच, उरलेल्या भाषेची. तिथे पूर्ण हिंदी, पूर्ण संस्कृत, किंवा ५० गुणांची संयुक्त हिंदी आणि ५० गुणांचं संयुक्त संस्कृत असे पर्याय असतात. पुस्तकं वेगवेगळी आहेत. पूर्ण हिंदीला लोकभारती, संयुक्तला लोकवाणी. संस्कृत पूर्ण असेल तर आमोद, संयुक्त असेल तर आनंद. जूनच्या गर्दीत दुकानदाराला नुसतं 'नववीचा सेट द्या' म्हटलं की चुकीचं पुस्तक घरी येतं आणि सहामाहीपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही. शाळेकडून विषयाचं पूर्ण नाव लिहून घ्या आणि मगच पुस्तकं घ्या.

हिंदी की संस्कृत, याचं उत्तर देण्याआधी मी एकच विचारतो. आठवीत संस्कृत होतं का? संस्कृतची सुरुवात बहुतेक शाळांत आठवीला होते. आठवीत शब्दरूपं-धातुरूपं झाली नसतील आणि नववीत एकदम पूर्ण संस्कृत घेतलं, तर पहिले चार महिने मुलगी नुसती मागे धावते. आठवीत संयुक्त झालं असेल तर नववीला तेच चालू ठेवणं सुरक्षित. पूर्ण संस्कृत तेव्हाच घ्या, जेव्हा शाळेत त्या विषयाचे स्वतःचे शिक्षक आहेत आणि आठवड्याच्या तासिका खरोखर होतात. संस्कृतात गुण पडतात हे खरं आहे, कारण व्याकरणाच्या प्रश्नांची उत्तरं ठरलेली असतात, अर्धवट गुण कापायला जागा कमी. पण ती रूपं पाठ व्हायला रोज वीसेक मिनिटं लागतात आणि तपासणारं कुणीतरी लागतं. शिक्षक नसलेल्या शाळेत हाच विषय गाइडवर चालतो आणि मग गुणही पडत नाहीत.

खान्देशातल्या मुलांसाठी यात आणखी एक पदर आहे. घरी अहिराणी, शाळेत प्रमाण मराठी, मग इंग्रजी, हिंदी, वर संस्कृत. मंडळाच्या हिशेबात भाषा तीन असतात, लेकराच्या डोक्यात पाच. रावेर-यावलकडच्या मुलांना मध्य प्रदेशची हद्द जवळ, हिंदी कानावर असते, म्हणून ती 'सोपी' समजून कुणी तिच्याकडे बघत नाही. गुण जातात ते लिहिताना. आपल्याकडे पुस्तक नपुंसकलिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी, म्हणून 'मेरा पुस्तक' लिहिलं जातं. दही हिंदीत खट्टा असतं, मुलं खट्टी लिहितात. 'ने' कुठे लावायचा हे तर कुणी शिकवतच नाही: 'मैंने रोटी खाई' मध्ये क्रियापद रोटीप्रमाणे चालतं, ही एक गोष्ट पक्की झाली तरी निबंध आणि पत्रलेखनातल्या निम्म्या चुका थांबतात.

आता गुणांचा हिशेब, कारण निवड बहुतेक घरांत त्यावरच होते. मंडळ टक्केवारी काढताना सहापैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरतं, यालाच बेस्ट ऑफ फाइव्ह म्हणतात. समजा मराठी ८२, हिंदी ७१, इंग्रजी ६४, गणित ५८, विज्ञान ६६, सामाजिक शास्त्रे ७७. सहांची बेरीज ४१८, म्हणजे ६९.६७ टक्के. पण गणित गळून पाचांचे ३६० होतात आणि गुणपत्रिकेवर येतात ७२ टक्के. हिंदीऐवजी संस्कृतात ९० पडले असते तर ३७९, म्हणजे ७५.८. जवळपास चार टक्क्यांचा फरक. गुणवत्ता यादीत तो खूप मोठा असतो, म्हणून संस्कृतकडे ओढ असते हे समजण्यासारखं आहे. मात्र या आकड्याने झाकलं काय ते पाहा. नेमका सगळ्यात कच्चा विषय. ७५.८ टक्के पाहून घरचे सायन्सला टाकतात आणि गणित ५८ होतं हे अकरावीच्या पहिल्या चाचणीत कळतं. टक्केवारीपेक्षा सहा विषयांची ओळ वाचा. गुणपत्रिकेवर बीजगणित-भूमिती वेगळी दिसत नाही, तेव्हा सराव परीक्षेचे दोन्ही पेपर शाळेतून पाहायला मागा.

दुसरी चूक उलट बाजूची. 'एक विषय तर गळतोच' म्हणून मुलं सामाजिक शास्त्रे किंवा हिंदी सोडून देतात. टक्केवारीत विषय गळतो, उत्तीर्ण व्हावं मात्र सहाही विषयांत लागतं. भाषांमध्ये तिन्ही मिळून १०५ आणि प्रत्येकीत किमान २५, गणित-विज्ञान मिळून ७० आणि प्रत्येकात किमान २५, अशी एकत्रित उत्तीर्णतेची सोय आहे. गणितात २८ आणि विज्ञानात ४५ पडले तर मुलगी पास आहे. सामाजिक शास्त्रांना असा जोडीदार नाही, तिथे ३५ स्वतःच आणावे लागतात. अंतर्गत २० गुणांनाही हलकं घेऊ नका. २०१९ च्या परीक्षेत भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढले होते, त्या वर्षी राज्याचा निकाल ७७.१० टक्के लागला. आदल्या वर्षी तो ८९.४१ होता. नंतर ते गुण परत आणावे लागले. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिली असेल तर अ श्रेणीला ७, ब ला ५, क ला ३ वाढीव गुण मिळतात. त्यासाठी शाळेने प्रस्ताव वेळेत मंडळाकडे पाठवावा लागतो, तेवढं डिसेंबरातच विचारून घ्या.

काही शाळांत व्यवसाय शिक्षणाचा विषय असतो: शेती, ऑटोमोबाईल, आरोग्य सेवा, सौंदर्यशास्त्र, मल्टी स्किल असे. तो मान्यता असलेल्या शाळेत एका भाषेऐवजी घेता येतो, प्रात्यक्षिकाचा वाटा मोठा असतो आणि हाताने काम करणाऱ्या मुलांना तो खरोखर मानवतो. घ्यायच्या आधी कार्यशाळा स्वतः जाऊन पाहा. हत्यारं कपाटात कुलूपबंद आहेत की वापरून घासलेली आहेत, एवढ्यावरून विषय कसा चालतो ते कळतं. प्रशिक्षक बहुधा कंत्राटी असतो. तो वर्षाच्या मध्यात गेला तर पुढे कोण, हे मुख्याध्यापकांना सरळ विचारा.

आता निवड कागदावर असूनही गावात का पोचत नाही ते पाहू. शिक्षकांची पदं संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे ते सरकार मंजूर करतं त्यात, पटावर ठरतात. नववीची एकच तुकडी आणि पन्नास मुलं असलेल्या शाळेत बारा जणांना संस्कृत आणि अडतीस जणांना हिंदी द्यायची, तर एकाच वेळी दोन शिक्षक आणि दोन खोल्या लागतात. म्हणून शाळा सगळ्या तुकडीला एकच पर्याय देते आणि पालकांना वाटतं की विषय मंडळानेच सक्तीचा केलाय. तसं नसतं. मे महिन्यातच दहा-पंधरा पालकांनी मिळून लेखी अर्ज दिला तर शाळा समांतर तासिका बसवू शकते. जुलैत वेळापत्रक लागल्यावर मुख्याध्यापकांच्याही हातात फार उरत नाही. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा भागातल्या आश्रमशाळांत तर हा प्रश्न आणखी अवघड. तिथल्या मुलाची घरची भाषा पावरी किंवा भिलोरी, मराठी हीच त्याची शिकलेली भाषा. त्याच्या वाट्याला निवड नावाची गोष्ट जवळपास येत नाही आणि तरी उत्तीर्णतेचे निकष तेच. या मुलांना भाषेच्या जागी हाताचं काम असलेला विषय खऱ्या अर्थाने मिळायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

तुमचा तिसरा प्रश्न इथे येतो. आवडीचे विषय घेऊ द्यावेत का? भाषा, कला, व्यवसाय यांत निवड वाढावी, आत्तापेक्षा कितीतरी वाढावी. गणित आणि विज्ञान मात्र दहावीपर्यंत सगळ्यांना असावं. चौदाव्या वर्षी 'तुले काय आवडस?' असं विचारलं तर मूल बहुतेक वेळा विषयाबद्दल सांगतच नाही, त्या विषयाच्या सरांबद्दल सांगतं. सर बदलले की आवड बदलते. त्यावर पुढची चाळीस वर्षं बांधायची नसतात.

याचा अनुभव राज्याने घेतलेला आहे. पूर्वी दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी सामान्य गणित घेता येत होतं. भीतीपोटी अनेकांनी ते घेतलं आणि त्यांना विज्ञान शाखेचा रस्ता बंद झाला. नवा अभ्यासक्रम आला तेव्हा तो पर्यायच काढून टाकला. शहरात चुकीची निवड निस्तरायला चार कॉलेजं, दोन क्लास, कुणीतरी सांगणारं असतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात ज्युनिअर कॉलेज एक, एसटीच्या वेळा दोन. तिथे बंद झालेला रस्ता बंदच राहतो. आयटीआयला इलेक्ट्रिशियनसारख्या ट्रेडला दहावी गणित-विज्ञानासह लागते. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय तंत्रनिकेतन आहे, तिथला डिप्लोमा गणितावरच उभा आहे. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेतही अंकगणित आहेच. म्हणजे आर्ट्सला गेलेल्या मुलीलाही ते चुकत नाही.

आता तुमच्या मुलीचं गणित. 'नको वाटतं' हे कारण नसतं, लक्षण असतं. तिला शांतपणे बसवून ही पाच उदाहरणं द्या, कॅल्क्युलेटर न देता: तीन चतुर्थांशातून दोन तृतीयांश वजा करा, उणे ७ अधिक ३, उणे ५ गुणिले उणे ४, ६४० चे १५ टक्के, एका संख्येला ३ ने भागून ८ येतात तर ती संख्या कोणती. उत्तरं अनुक्रमे एक बारांश, उणे ४, २०, ९६, २४. यातली दोन किंवा जास्त चुकली तर अडचण नववीच्या पुस्तकात नाहीच. ती पाचवी ते सातवीतल्या अपूर्णांकांत आणि ऋण संख्यांत आहे. नववीला बहुपदी आणि दोन चलांतील रेषीय समीकरणं येतात, तिथे प्रत्येक पायरीला चिन्ह बदलतं आणि मुलगी रीत समजूनही उत्तर चुकवते. मग तिला वाटतं, मला गणित येतच नाही. मे-जूनमध्ये रोज पाऊण तास सहावी-सातवीची पुस्तकं काढून फक्त अपूर्णांक, ऋण संख्या, गुणोत्तर आणि शेकडेवारी करा. नववीचा आगाऊ क्लास लावू नका. त्याने तीच चूक पुढच्या धड्यावर जाते.

पाचही बरोबर आले तर दुखणं बहुधा भूमितीत असतं, सिद्धतेत. मुलं सिद्धता पाठ करतात, आकृतीतली अक्षरं बदलली की अडकतात. वहीत दोन रकाने करायला लावा, डावीकडे विधान, उजवीकडे कारण. कारणाचा रकाना रिकामा राहिला तिथे समज तुटली आहे. सेमीच्या मुलींना आणखी एक अडथळा असतो. 'कॉरस्पाँडिंग अँगल्स' म्हणजे संगत कोन हे माहीत नसतं, म्हणून गणित येत असूनही प्रश्न कळत नाही. मराठी माध्यमाचं तेच पुस्तक शेजारी ठेवा, प्रकरणं आणि उदाहरणं सारखीच आहेत.

अक्षरं-अंक उलटे वाचणं, तीन आकडी वजाबाकीही आठवी-नववीपर्यंत न जमणं असं काही असेल तर तो आळस समजू नका. अध्ययन अक्षमतेचं अधिकृत प्रमाणपत्र असलेल्या मुलांना मंडळ पर्यायी विषयाची सवलत आणि तासाला २० मिनिटं जादा वेळ देतं. प्रमाणपत्र शासनाने नेमलेल्या रुग्णालयातूनच लागतं आणि वेळ लागतो, म्हणून नववीतच सुरुवात करा.

गणित सोडता येतं ते अकरावीत. खरी निवडही तिथेच सुरू होते. विज्ञान शाखेत इंग्रजी सक्तीचं, दुसरी भाषा किंवा तिच्याऐवजी माहिती तंत्रज्ञान, आणि चार वैकल्पिक विषय. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राला ७० लेखी, ३० प्रात्यक्षिक. गणिताला ८० आणि २०. गणित सोडून जीवशास्त्र, जीवशास्त्र सोडून गणित, किंवा दोन्ही, असे रस्ते आहेत. कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, क्रॉप सायन्ससारखा बायफोकल विषय २०० गुणांचा असतो, तो दुसरी भाषा आणि एक वैकल्पिक अशा दोघांची जागा घेतो. त्याच्या जागा मोजक्या असतात आणि सगळ्या कॉलेजांत तो नसतो.

काय सोडल्यावर कोणतं दार लागतं ते लक्षात ठेवा. इंजिनिअरिंगला भौतिकशास्त्र आणि गणित हवंच. मेडिकल, बीएस्सी नर्सिंगला जीवशास्त्र हवंच. बी.फार्मसीला भौतिक-रसायन आणि गणित किंवा जीवशास्त्र यांतला एक चालतो. बीएस्सी कृषीला दोन्ही गट चालतात, हे केळी-कापसाच्या पट्ट्यातल्या पुष्कळ पालकांना माहीत नसतं आणि शेतीला जायचं म्हणून उगाच नावडतं गणित ओढत राहतात. एनडीएला भूदलासाठी कोणतीही शाखा चालते, वायुदल-नौदलासाठी भौतिक, रसायन, गणित लागतं. कॉमर्सलाही गणित ऐच्छिक आहे, त्याऐवजी बरेच जण एस.पी. (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घेतात. पुढे संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्र करायचं मनात असेल तर मात्र गणित ठेवावं.

'दोन्ही ठेवू, पुढे बघू' हा सल्ला सर्रास दिला जातो. गणित चांगलं असलेल्या मुलीला तो ठीक. पंचावन्न-साठवाल्या मुलीला दोन्ही गट दिले तर तीन विषयांची जर्नल्स, वर गणित, आणि रोजचा एसटीचा प्रवास. यात कुठलीच सीईटी धड होत नाही. तिने एक गट घ्यावा.

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, त्यात आपले तिन्ही जिल्हे आले. अर्जात एक ते दहा पसंतीक्रम देता येतात आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून क्रमांक एकला नुसतं नाव ऐकून कॉलेज टाकू नका. आधी जाऊन विचारा: हवा तो विषयगट आहे का, त्या विषयाचा शिक्षक आहे का, तुकडी अनुदानित की स्वयंअर्थसहाय्यित, आणि घरून पहिली गाडी तासिकेआधी पोचते का. पोर्टलवर शाखा दिसते, विषयगट कॉलेजच्या टेबलावर ठरतो, आणि गर्दीत क्लार्क 'सगळे हेच घेतात' म्हणून भरून टाकतो.

विषय बदलायचा असेल तर अकरावीच्या पहिल्या काही आठवड्यांत लेखी अर्ज द्या. बारावीत गेल्यावर विभागीय मंडळाची परवानगी लागते. आपलं मंडळ नाशिकचं, तिकडे कागद पोचून परत यायला वेळ जातो. तरीही चुकलंच तर बारावीनंतर तुरळक विषय म्हणून राहिलेला एक विषय घेऊन परीक्षा देता येते. गणित गटातल्या मुलीने असं जीवशास्त्र दिलं तर ते वैद्यकीय प्रवेशासाठी ग्राह्य धरण्याचं राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने २०२३ ला जाहीर केलं आहे. आयटीआय केलेल्यांनाही तिथल्या विषयांचे गुण धरून भाषा विषयांसह मंडळाची परीक्षा देता येते.

आणि परीक्षेचा फॉर्म भरल्यावर शाळेकडे प्री-लिस्ट, म्हणजे फॉर्ममधली माहिती तपासायची यादी येते, ती मुलीने आणि तुम्ही दोघांनी पाहून मगच सही करा. दहावीला भाषेची ओळ वाचा: संयुक्त घेतलं असताना पूर्ण पडलंय का. बारावीला सांकेतांक जुळवा: ४० गणित, ५४ भौतिकशास्त्र, ५५ रसायनशास्त्र, ५६ जीवशास्त्र. ४० च्या जागी ५६ पडला आणि प्री-लिस्टवर सही झाली, तर हॉलतिकीट हातात आल्यावर दुरुस्तीसाठी नाशिकला धावावं लागतं.